बिनशिक्क्याचे झाकण

मी एक जुने झाकण आहे. हसू नका, मित्रांनो! जुन्या छत्रीचे, बंद पडलेल्या घड्याळाचे, शाळेतल्या मोडक्या बाकाचे मनोगत तुम्ही मन लावून ऐकता, वहीत लिहिता, वर त्याचे गुणही मिळवता. पण झाकण म्हटले की लगेच तुमच्या ओठांचे कोपरे हलतात. झाकणाला विचारतो कोण? ते हरवले तर बशी पालथी घालून भागते. "झाकण ना? असेल इथेच कुठेतरी," असे म्हणून माणसे आम्हाला शोधायचेही सोडून देतात. आजवर मी गप्प बसले, कारण झाकणाचे कामच मुळी गप्प बसण्याचे. पण आता पाणी डोक्यावरून गेले आहे. माझ्या खालच्या काठाला मातीची एक छोटी जीभ आहे. ती घासून काढायला माणसे निघाली होती, आणि तीही आमच्यावर आपला फार जीव आहे असे सांगत फिरणारी माणसे! जीभ वाचली, म्हणून हे सांगता येते आहे.

मी चहाच्या किटलीचे झाकण. पत्र्याच्या नव्हे, मातीच्या. कुंडीची ठिसूळ माती वेगळी आणि आमची वेगळी. आम्हाला भट्टीत इतके तापवतात, की माती दगडासारखी घट्ट होते आणि अंगावरची झिलई वितळून काचेसारखी बसते. माझा रंग शेवाळी हिरवा आहे. कडेला जिथे झिलई पातळ झाली तिथे तपकिरी. डोक्यावर चिमटीत धरायला एक चपटी गोटी आहे आणि तिच्यावर अंगठा टेकेल एवढा खळगा. गोटीशेजारी एक बारीक भोक आहे. ते उगाच नाही हं. ते नसेल तर किटलीत हवा शिरत नाही, आणि चहा तोटीतच गुडगुडत अडून बसतो.

मी जन्मले त्या काळी कारखान्यांतून पांढऱ्याशुभ्र कपबश्यांचे ढीगच्या ढीग बाहेर पडत होते. एकीला झाकावी आणि दुसरीला काढावी! अशा वेळी 'आम्ही एकेक भांडे हाताने करणार' म्हणणारी माणसे वेडीच ठरायची. आमच्या गल्लीच्या टोकाला, जिथे पूर्वी गाड्या दुरुस्त होत, त्या पत्र्याच्या शेडमध्ये दोघी बहिणींनी हे वेड मांडले होते. एकीला सगळे थोरली म्हणत आणि दुसरीला धाकटी. "एवढं शिकून चिखलच तुडवायचा होता, तर शिकलात कशाला?" असे त्यांचे काका येता-जाता विचारत. थोरली उत्तर देत नसे. धाकटी देत असे. "काका, चहा घ्या. आणि कप जपून धरा हं, चिखलाचा आहे."

त्या दोघींत कामाची वाटणी होती. थोरली चाकावर बसायची. तिच्या हातात जादू होती, हे मी नाकारत नाही. मातीचा गोळा तिच्या तळव्यांत नुसता श्वास घेतल्यासारखा फुगायचा आणि बघता बघता त्याचे गोल पोट तयार व्हायचे. मग ते पोट फळीवरून धाकटीकडे यायचे. तोटी धाकटी करायची, कान ती ओढायची, झाकण तीच घडवायची. आता मी झाकण. मी धाकटीचीच बाजू घेणार, हे उघड आहे. पण तुम्हीच सांगा, नुसत्या पोटातून कधी कोणी चहा ओतला आहे का?

मला घडवताना धाकटीने आधी दोन झाकणे करून मोडली. एक सैल झाले आणि एकाचे डोके फारच मोठे झाले. "दिमाख बघा याचा!" असे म्हणून तिने ते परत मातीच्या बादलीत टाकले. मग मी झाले. किटलीच्या तोंडाचे माप घेऊन तिने माझा काठ कातला, विणायच्या सुईने भोक पाडले आणि शेवटी मातीची एक चिमूट घेऊन काठाखाली ती छोटीशी जीभ चिकटवली. थोरली हात धूत होती. ती वाकून बघत म्हणाली, "अगं, एवढी कलाकुसर कशाला? आतून कोण बघणारे?"

"बघायला नाहीच ती," धाकटी म्हणाली. "किटली वाकडी केली की झाकण घसरतं ना, ते या जिभेनं आतून अडकून राहील. एका हातानं ओतता येईल. दुसऱ्या हातात माणसाला बिस्कीट धरता यायला नको?"

थोरली खळखळून हसली आणि चाकाकडे वळली. मला मात्र आपण कशासाठी जन्माला आलो, ते त्याच क्षणी कळले.

मित्रांनो, एक गोष्ट नीट लक्षात ठेवा, कारण पुढचा सगळा तंटा तिच्यावरून झाला. आम्हाला भट्टीत वेगवेगळे भाजत नाहीत. झाकण आपल्या किटलीच्या तोंडावर बसूनच आत जाते. धाकटीने ओल्या स्पंजने आमच्या काठांवरची झिलई पुसली होती, नाहीतर आम्ही एकमेकांना कायमचे चिकटलो असतो. आत इतकी आग असते की माती जरा मऊ पडते आणि वाकते. माझी किटली एका बाजूला किंचित झुकली, तेव्हा मीही तिच्याबरोबर तेवढेच झुकले. भट्टी निवल्यावर धाकटीने लाकडी चमच्याने हलकेच ठोकले आणि आम्ही सुटलो. तेव्हापासून मी फक्त तिच्याच तोंडावर बसते, आणि तेही एकाच बाजूने. मला थोडे फिरवावे लागते, मग 'खट्' असा आवाज होतो. जगात दुसऱ्या कोणत्याही भांड्यावर माझा तो आवाज होत नाही.

आता शिक्क्याचे सांगते. थोरलीकडे एक छोटा शिक्का होता, एका पायावर उभा असलेला पक्षी. भांडे ओले असतानाच ती तो बुडाला दाबायची. किटलीच्या बुडाला, वाटीच्या बुडाला, फुलदाणीच्या बुडाला, जिकडे तिकडे पक्षीच पक्षी! धाकटीला शिक्का नव्हता. "पुढच्या भट्टीला तुझाही करून घेऊ," असे थोरली दर भट्टीला म्हणायची. भट्टीमागून भट्ट्या लागल्या, पण ती पुढची भट्टी काही आली नाही. थोरली मनाने वाईट नव्हती, विसराळू होती. पण राग येतो तो येतोच. स्वतःचे नाव असलेल्याला दुसऱ्याचे नसणे कधी टोचत नाही. धाकटीही हसण्यावारी न्यायची. "शिक्का मारू कुठं?" ती म्हणायची. "झाकणाच्या डोक्यावर मारला तर बोटाला टोचेल." धाकटीचा तो मोठेपणा होता, आणि तोच पुढे तिच्या अंगाशी आला.

माझी किटली विकली गेली नाही. भट्टीत झिलईचा एक ओघळ तिच्या बुडापर्यंत गेला होता आणि पक्षी त्याखाली अर्धा बुडाला होता. म्हणून आम्ही थोरलीच्या घरी स्वयंपाकघरात राहिलो, आणि त्यासारखे भाग्य नाही. सकाळी पहिला आवाज माझा व्हायचा. घरात भांडण झाले की आधी दोघी बहिणी गप्प बसायच्या, मग कोणीतरी पाणी उकळायला ठेवायचे, मी 'खट्' करून बसायचे आणि बोलणे सुरू व्हायचे. थोरलीचा मुलगा मला जमिनीवर भोवऱ्यासारखे फिरवायचा आणि मावशीचा धपाटा खायचा. पाहुणे चहा ओतताना सवयीने दुसरा हात माझ्याकडे न्यायचे. "राहू द्या, नाही पडत ते," धाकटी म्हणायची, आणि तो हात अलगद बिस्किटाकडे जायचा. इतकी वर्षे ओतले, पण टेबलावरच्या कापडावर आम्ही एक थेंब सांडला असेल तर शपथ.

पण दिवस काही सारखे राहत नाहीत. थोरलीचे डोळे गेले, मग शेड बंद झाली, आणि एका हिवाळ्यात थोरलीही गेली. धाकटी चार गल्ल्या पलीकडे दोन खोल्यांत राहत होती. थोरलीचा मुलगा, म्हणजे धाकटीचा भाचा, नव्या छोट्या घरात जायला निघाला. त्याला भांड्यांची अडचण झाली. तोपर्यंत वारे फिरले होते. ज्या भांड्यांना लोक चिखल म्हणत होते, तीच आता काचेच्या कपाटात दिव्यांखाली ठेवायची फॅशन आली होती. थोरली जिवंत असताना कपाला गिऱ्हाईक मिळायची मारामार. ती गेल्यावर तिच्या फुटक्या वाटीसाठीही मोटारी दारात उभ्या राहू लागल्या. भाच्याने सगळी भांडी एका संग्राहकाला विकून टाकली आणि मग मावशीला कळवले. "तू एकटी काय करणार होतीस एवढ्या भांड्यांचं?" असे वर तिलाच विचारले. धाकटीने ऐकून घेतले आणि तो गेल्यावर दार जरा जोरात लावले.

त्या संग्राहकाला मी मनातल्या मनात उलटेराव म्हणते. का, तेही ऐका. त्याच्या टेबलावर आम्ही पोचल्याबरोबर त्याने मला टोपीसारखे उचलून बाजूला ठेवले, किटलीला उलटे केले आणि भिंग डोळ्याला लावले. तिचा रंग नाही पाहिला, तोटी नाही पाहिली, मला तर नाहीच नाही. "आहे! पक्षी आहे!" तो ओरडला. मग जरा हिरमुसला. "पण अर्धाच दिसतोय." त्याच्याकडे येणारी त्याच्या संग्राहक मंडळाची माणसेही तशीच. घरात शिरली की प्रत्येक वस्तू उलटी! एखाद्याच्या घरी गेल्यावर यजमानाचा चेहरा न बघता त्याचे तळपाय बघावेत, तसे हे. मी म्हणते, मग सगळी भांडी पालथीच मांडून ठेवा ना!

तो दुष्ट नव्हता, हे मला सांगितलेच पाहिजे. तो हातमोजे घालायचा, मऊ कुंचल्याने धूळ झाडायचा, आमच्याशी बोलायचासुद्धा. पण त्याने चहाच्या किटल्यांत कधी चहा घातला नाही. पाण्याचा थेंब नाही! दूधदाण्यांत दूध नाही, फुलदाण्यांत फूल नाही. आणि झाकणे? झाकणे आपटून काठ फुटतात म्हणून त्याने आम्हा सगळ्यांना उतरवले आणि कापसात गुंडाळून एका खणात ठेवले. माझी किटली वर उजेडात, आणि मी खाली अंधारात. माझ्या शेजारी साखरेच्या भांड्याचे एक झाकण होते. आपण कोणाचे, हेच ते विसरून गेले होते. असा किती काळ गेला, मला सांगता येत नाही.

मग मोठे प्रदर्शन ठरले. शहरातल्या सभागृहात थोरलीची सगळी भांडी एकत्र मांडायची होती. उलटेरावाकडे तिची आणखी एक किटली होती. ती थोराड, भरल्या पोटाची, आणि तिच्या बुडाचा पक्षी असा स्वच्छ, की त्याच्या पंखांच्या रेघासुद्धा मोजाव्यात. तिचे झाकण कधीच फुटले होते. मधोमध तिलाच मांडायचे, जाहिरातीवर तिचाच फोटो घालायचा, असे त्याने ठरवले. पण बोडकी किटली मधोमध कशी मांडणार? त्याने खण उघडला, मला काढले आणि तिच्या शेजारी धरले. रंग अगदी तोच होता. "एकाच घरातली झाकणं," तो म्हणाला. "कुठलंही कुठंही बसणार." त्याने मला तिच्यावर ठेवले. मी डुगडुगले. माझी जीभ तिच्या काठावर अडकली. मग त्याने मला उताणे केले, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्या जिभेकडे पाहिले. त्याला वाटले, ती भट्टीत चुकून चिकटलेली मातीची गुठळी आहे! त्याने शिसपेन्सिलीने तिच्याभोवती रेघ ओढली. दुरुस्तीवाल्याकडे पाठवून जीभ घासून काढायची आणि काठही चहूबाजूंनी थोडा उतरवायचा, असे ठरले.

मित्रांनो, माझ्या संतापाची कल्पना करा. एकदा जीभ गेली की मी कोणत्याच किटलीचे राहणार नव्हते. त्या थोराड किटलीवर मी नुसते ठेवलेले असणार, बसलेले नाही. आणि माझी किटली जन्मभर उघड्या तोंडाने कपाटात. तेही कशासाठी? फोटोसाठी!

त्याच दुपारी धाकटी तिथे आली. तिला बोलावले होते 'थोर कलावतीची बहीण' म्हणून, थोरलीच्या भांड्यांशेजारी बसवून एक फोटो काढायला. भाचा तिला घेऊन आला होता. तिचे केस पांढरे झाले होते, बोटांचे सांधे सुजले होते. ती कपाटांसमोरून हळूहळू चालत आली आणि टेबलापाशी थांबली. तिने मला उचलले. अंगठा बरोबर खळग्यात बसला.

"ही पेन्सिल कुणी ओढली?" तिने विचारले.

उलटेरावाने मोठ्या उत्साहाने सगळे समजावून सांगितले. तो बोलत होता आणि तिचे कान लाल होत चालले होते. "मावशी, अगदी बारीक काम आहे," तो म्हणाला. "झिलईला धक्कासुद्धा लागणार नाही. बाहेरून कळणारही नाही."

"तुमची जीभ कापली, तर बाहेरून कळेल का हो?" धाकटी म्हणाली.

तो हसला. त्याला ती थट्टा वाटली. धाकटीने आपली पिशवी उघडली, मला हातरुमालात गुंडाळले, आत टाकले आणि ती दाराकडे चालू लागली. "मावशी! अगं, फोटो राहिलाय!" भाचा मागून धावत आला. "आणि ते झाकण ठेव ना परत! लोक काय म्हणतील?"

"लोकांना सांग, म्हातारीला चोरी करायची सवय आहे," ती म्हणाली आणि पायऱ्या उतरली.

दुसऱ्या दिवसापासून भाच्याचे फोन सुरू झाले. आधी विनवणी झाली, मग रुसवा, मग 'तुझ्यामुळे माझी मान खाली गेली' वगैरे. धाकटीने त्याला एवढेच सांगितले, "त्यांना म्हणावं, दोन्ही किटल्या घेऊन घरी या. मग बोलू."

उलटेराव आला. दोन्ही किटल्या त्याने गादीसारख्या मऊ पेटीतून आणल्या होत्या. माझी किटली बाहेर निघाली तेव्हा तिच्या तोंडाच्या काठावर धूळ होती. मला भरून आले. धाकटीने न विचारता दोन्ही किटल्या धुतल्या आणि पाणी उकळायला ठेवले.

"अहो, नको! त्यात चहा नको!" तो अर्धा उठला. "डाग पडतील!"

"चहाच्या किटलीत चहा नको, मग काय रॉकेल घालू? बसा."

तिने आधी थोराड किटली भरली आणि मला तिच्यावर ठेवले. मी पुन्हा डुगडुगले. "ओता," ती त्याला म्हणाली. त्याने किटली दोन्ही हातांनी धरली. कप अर्धासुद्धा भरला नसेल, तोच मी घसरले. मी फुटणारच होते, पण धाकटीने आधीच तळहात खाली धरला होता. मी तिच्या हातात पडले. उलटेरावाने डोळे गच्च मिटून घेतले होते.

मग तिने माझी किटली भरली. मला वर ठेवून एका बोटाने फिरवत नेले, आणि 'खट्!' मित्रांनो, तो आवाज मी विसरले नव्हते आणि तीही विसरली नव्हती. "आता ओता," धाकटी म्हणाली, "आणि एका हातानं." त्याने ओतले. कप भरला, दुसरा भरला, तिसरा भरला. शेवटच्या घोटासाठी किटली जवळजवळ डोक्यावर उभी राहिली, पण मी जागचे हलले नाही. तोटीने चहाची धार चटकन तोडली. उलटेराव वाकून टेबलावरचे कापड निरखत राहिला. त्याला एकही थेंब सापडला नाही.

त्याने एक घोट घेतला. मग आणखी एक घेतला. "मी यातल्या एकातूनही कधी प्यालोच नाही," तो शेवटी म्हणाला. मग त्याने कप खाली ठेवला. "जीभ घासायची नाही, मावशी. शब्द देतो. हे झाकण याच किटलीवर राहील. मधोमध हीच किटली मांडतो."

मी आनंदाने वाफेबरोबर वर उडायचे बाकी राहिले होते. पण धाकटी हसली नाही.

"आणि पाटीवर काय लिहाल?"

"थोरल्या बाईंचं नाव."

"आणि माझं?"

त्याने भाच्याकडे पाहिले, मग कपाकडे पाहिले. "तसं आहे मावशी, की आमच्या मंडळाचा एक नियम आहे. शिक्का ज्याचा, काम त्याचं. शिक्का नसेल तर आम्ही नाव लावत नाही. हवं तर खाली बारीक अक्षरात 'साहाय्य: धाकटी बहीण' असं घालतो."

"साहाय्य!" धाकटीने हातातला चमचा ठेवला. "ताई चाकावर बसायची तेव्हा मी काय तिला वारा घालत होते? तोटी माझी, कान माझा, झाकण माझं. तेवढं काढून घ्या आणि उरेल ते मांडा मधोमध. तांब्या उरेल, तांब्या!"

"मावशी, आईचं नाव मोठं होतंय," भाचा हळूच म्हणाला. "तुला आनंद नाही होत?"

धाकटीचा आवाज खाली आला. "होतो रे. तिच्यासारखा हात मी पुन्हा बघितला नाही. पण तिचं नाव मोठं करायला माझं पुसावं लागतं का?" मग ती उलटेरावाकडे वळली. "बरं, शिक्का नाही म्हणजे हे माझं नाही. ठीक. मग तुमचं कसं झालं?"

"मी विकत घेतलंय, मावशी."

"याच्याकडनं. यानं आईची भांडी विकली. विकू दे, त्याचा हक्क होता. पण तुमच्याच नियमानं हे झाकण त्याच्या आईचं नाही. बघा की, आहे का शिक्का?"

आणि काय सांगू तुम्हाला! सवयीने त्या माणसाने मला खरोखरच उचलले, उताणे केले आणि खिशातून भिंग काढले. तिथे माझ्या जिभेशिवाय काय असणार? भाच्याने मान खाली घातली, पण मी पाहिले, त्याचे खांदे हसण्याने हलत होते. उलटेरावाने भिंग खिशात ठेवले आणि मला टेबलावर ठेवून दिले.

"नाव लिहायचं असेल तेव्हा सांगा," धाकटी म्हणाली. "झाकण मी स्वतः आणून देईन."

त्याने किटल्या पुसल्या आणि पेटीत ठेवल्या. माझी किटली जाताना धाकटीने तिच्या कानावरून हात फिरवला. तो हात जरा रेंगाळला. देऊन टाकावे, निदान ही दोघे तरी एकत्र राहतील, असे तिच्या मनात आले असणार. ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होते. माझ्याही मनात आले, खोटे कशाला बोलू? आयुष्यभराची सोबत एका किटलीभर चहापुरती मिळाली आणि पुन्हा तुटत होती. पण मग मला ती पेन्सिलीची रेघ आठवली. धाकटीने पेटीचे झाकण स्वतःच्या हाताने लावले.

प्रदर्शन झाले. धाकटी शेजारणीला घेऊन बघायला गेली होती. परत आली ती चप्पल काढायच्या आधीच बोलू लागली. उलटेरावाने एवढा शब्द पाळला होता, की माझी किटली मधोमध मांडली होती. दिव्याखाली, उघड्या तोंडाने, समोर चकचकीत पाटी. पाटीवर थोरलीचे नाव ठळक अक्षरांत, आणि शेवटच्या ओळीत लिहिले होते, 'झाकण उपलब्ध नाही.' धाकटी आधी हसली, मग खुर्चीत बसली आणि तिने डोळे पुसले. भाचा आता दर रविवारी चहाला येतो. "मावशी, कपांचे कानसुद्धा तूच करायचीस का?" असे आता कुठे विचारतो. लहानपणी तेच कप हातात धरून तो मोठा झाला!

'उपलब्ध नाही' म्हणे! मित्रांनो, मी हरवलेले नाही आणि फुटलेलेही नाही. मी धाकटीच्या ओट्यावर दुधाच्या पातेल्यावर बसते. जरा वाकडेच बसते, कारण ते पातेले माझे नाही, पण मांजराला दुधाला तोंड लावू देत नाही. तुम्ही कधी अशा प्रदर्शनात गेलात, तर भांडे उलटे करायची घाई करू नका. आधी त्याच्या तोंडाकडे बघा, त्याचे काम काय ते विचारा. कान कोणी लावला, तोटी कोणी बसवली, झाकण कोणी घडवले, ते धीटपणे विचारा, आणि 'शिक्का नाही' एवढे उत्तर मिळाले तर तिथून हलू नका. तुमच्या घरातही शिक्का नसलेली कितीतरी कामे रोज होतात. ती कोण करते, तेही एकदा विचारा. आणि उलटेराव भेटलाच, तर त्याला माझा निरोप द्या. पाटीवर थोरलीच्या शेजारी धाकटीचे नाव लिहा, तेवढ्याच मोठ्या अक्षरात. त्याच दिवशी मी उपलब्ध होईन.